नाव न घेता

या लेखात कुणाचंही नाव नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि तो मुलगा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. लिहू का, असं विचारल्यावर तो ‘लिही’ म्हणाला. पण त्याचं नाव झाकायचं तर माझं झाकावं लागतं, ताईंचं झाकावं लागतं, उस्तादांचंही. आपल्यावर झालेले उपकार चार लोकांत सांगावेत, असं आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलं. ज्यांच्यामुळे आमचं घर सावरलं, नेमकं त्यांच्याच बाबतीत ते करता येत नाही, याची मला फार बोच आहे.

तो सतरा वर्षांचा होता. वडील गेलेले, आई लोकांकडे धुणीभांडी करायची, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. यानं दहावीतच शाळा सोडली होती. दोन मोठ्या मुलांबरोबर मोटारसायकलच्या चोरीत पकडला गेला. मग अँटॉप हिलहून निघायचं, हार्बर लाइननं सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि डोंगरीच्या निरीक्षणगृहापर्यंत चालत जायचं, असं सुरू झालं. ही जागा म्हणजे पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर इथे १०१ दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. हे वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्याच दारात आई तोंडावर पदर घेऊन उभी राहायची.

ताई तिथे भेटल्या. त्या एका संस्थेत समाजकार्यकर्त्या होत्या. त्याआधी त्यांनी ‘प्रयास’मध्ये काम केलं होतं, टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९९० मध्ये आर्थर रोड तुरुंगातून सुरू केलेला हा प्रकल्प. गुन्ह्याबद्दल त्यांनी पहिल्या भेटीत अवाक्षर काढलं नाही. घरभाडं किती, रेशनकार्डावर याचं नाव आहे का, शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे, एवढंच विचारलं. वय ठरवायला दाखलाच आधी बघतात, हे आम्हाला कुठे माहीत! बाहेर एक माणूस ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणून आईकडे पैसे मागत होता. ‘मावशी, एक रुपया देऊ नका,’ ताई म्हणाल्या. ‘मुलाला जामीनदाराशिवायही सोडता येतं. कायद्यातच आहे.’ आई तोवर मंगळसूत्र मोडायला निघाली होती.

बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि समाजकार्यातले दोन सदस्य बसतात. घरची चौकशी करून परिविक्षा अधिकाऱ्यांनी अहवाल दिला, आणि मंडळानं त्याला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर आईच्या ताब्यात दिलं.

घरी आल्यावर मात्र तो दाराबाहेर पडेना. ती दोन मुलंही गल्लीत परत आली होती. त्यांच्या हातात पैसा खेळत होता, याच्या खिशात बसभाडंही नव्हतं. आमची समजूत त्या पैशापुढे किती दिवस टिकली असती? ताईंना हे आमच्या आधी कळलं होतं. त्यांच्याकडे एक वही होती. अशा मुलांना कामावर ठेवायला तयार असलेल्या मालकांची नावं त्यात असत, आणि त्यातली बरीचशी खोडलेली.

न खोडलेल्या नावांत उस्ताद होते. रत्नागिरीकडचे, माझगावात एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. ताईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. तसं करायचं हेही भावाला विचारूनच ठरलं. उस्ताद त्याला म्हणाले, ‘सकाळी नऊला दुकान उघडतं. तारीख असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी सांगायचं.’ बस, एवढंच. तारखेच्या दिवसाचा पगार त्यांनी कधी कापला नाही. सुरुवातीचे काही महिने प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च संस्थेनं दिला. फिल्टर धुणं, तांब्याची नळी कापणं, फ्लेअर काढणं, मग ब्रेझिंग आणि गॅस भरणं, असं तो एकेक शिकत गेला.

आमच्या घराला सगळ्यात मोठा आधार कशाचा वाटला, ते सांगते. एसीचं काम म्हणजे परक्यांच्या बेडरूममध्ये शिरणं. कपाटं असतात, पाकिटं टेबलावर पडलेली असतात. चोरीच्या प्रकरणातला मुलगा उस्तादांनी वर्षभरातच तिथे एकटा पाठवला. एका मोठ्या सोसायटीनं पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तेव्हा भाऊ काम सोडायच्या गोष्टी करू लागला. ताई कायद्याचं पुस्तक घेऊन दुकानातच आल्या. मुलाचं प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ते उघड करायचं नाही, हे कलम ७४ मधलंच दुसरं पोटकलम. आणि अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कशाला अपात्र ठरवता येत नाही, हे कलम २४. सोळा वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी. याचा तसा नव्हता. त्यानं अर्ज केला. दाखला कोरा आला.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी ताईंना आमंत्रण द्यायला गेले. ‘नवरीकडच्यांनी कोण म्हणून विचारलं तर?’ त्या म्हणाल्या. त्यांची काळजी खरी होती. त्यांच्यासोबत त्याचं जुनं प्रकरणही मांडवात आलं असतं. भावानं होणाऱ्या बायकोला सगळं आधीच सांगितलं होतं. ‘मग मी स्वतःच आणते त्यांना,’ म्हणाली, आणि घेऊन आली. सासरच्या मंडळींना ताई अजूनही आमच्या दूरच्या आत्येबहीण वाटतात.

उस्तादांनी परतफेडीचं काही ऐकून घेतलं नाही, ताईंनी आईची साडीसुद्धा नियमाकडे बोट दाखवून परत केली. नाव घेऊन आभार मानायची सोय नाही, म्हणून हे लिहिण्यात माझा एक स्वार्थ आहे. ताईंकडे मुलं पुष्कळ आहेत आणि वहीत मालक फार थोडे. तुमचं गॅरेज असेल, छापखाना, बेकरी, वायरिंगची कामं असतील, तर तुमच्या शहरात अशी वही कुणाकडे आहे ते शोधा आणि त्यात तुमचं नाव घाला. पगार आधी ठरवा, वेळेवर द्या, आणि तारखेला सुट्टी द्या.