आईचं सूप आणि माझी चूक

गेल्या पावसाळ्यात आईला फ्लू झाला. वय ७८, त्यात हृदयाचं पंपिंग कमी. ताप तीन दिवसांत उतरला, पण तोंडाला चव नव्हती. भात नको, पोळी नको. मी दवाखान्यातून येताना सूपची आणि इन्स्टंट नूडल्सची पाकिटं आणली. ते मात्र तिला आवडलं. सकाळ-संध्याकाळ वाडगाभर घेऊ लागली आणि मी निर्धास्त झालो.

पाचव्या दिवशी कामाच्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, आजींचे पाय बघितलेत का?" पाय सुजले होते. बोट दाबलं की खड्डा पडत होता. वजन दोन किलोंनी वाढलं होतं, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती. तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लघवीची गोळी वाढवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सध्या खातात काय?"

दिवसभर रुग्णांना "पापड-लोणचं बंद" सांगणारा मी! पाकिटाची मागची बाजू मी वाचलीच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी माणसानेही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडं कमी. पाकिटावर 'मीठ' नव्हे, 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, हेही बघा. जास्त मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि कमजोर हृदयाला ते पेलत नाही.

मग मी घरीच सूप करायला लागलो. दोन-तीन वाडग्यांसाठी असं करा:

हाडासकट, कातडी काढलेलं २५० ग्रॅम चिकन, एक कांदा, एक गाजर, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, सहा-सात मिरे आणि एक लिटर पाणी कुकरमध्ये घाला. तीन शिट्ट्या झाल्या की दहा मिनिटं मंद आच ठेवा. वर आलेली चरबी चमच्याने काढून टाका. हाडं काढून मांस बारीक तोडा आणि पुन्हा सूपमध्ये घाला. मसाल्याचं पाकीट नसलेल्या साध्या नूडल्स (किंवा गव्हाच्या शेवया) वेगळ्या उकडून, पाणी काढून, मूठभर वरून घाला. सगळ्या सूपला मीठ फक्त पाव चमचा. बाकी चव लिंबू, मिरपूड आणि कोथिंबिरीची.

एक गैरसमज मात्र काढून टाका. 'ताकद पाण्यात उतरते' म्हणून अनेक घरांत सूप गाळून देतात आणि मांस बाकीचे खातात. प्रथिनं मुख्यतः मांसातच राहतात. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. आजारपणात झिजलेले स्नायू भरून यायला तीच लागतात.

सूपने सर्दी बरी होते का? १९७८ साली मायामीतल्या डॉक्टरांना गरम चिकन सूपने नाकातला शेंबूड लवकर सरकताना दिसला. २००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांना प्रयोगशाळेत सूपमुळे पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. पण तो प्रयोग माणसांवर नव्हता. म्हणून सूप हे औषध नाही, चांगलं अन्न आहे.

ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी सूपही त्यातच मोजावं. किडनीच्या रुग्णांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं, आणि 'लो सोडियम' मीठ परस्पर वापरू नये. त्यात पोटॅशियम असतं.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "अळणी आहे रे." मी अजून अर्धं लिंबू पिळलं. तिने वाडगा संपवला. आठवडाभरात पायांची सूज उतरली. त्यात गोळीचा वाटा मोठा, पण सूज पुन्हा आली नाही, त्यात या अळणी सूपचाही वाटा आहेच.

घरात हृदयाचा रुग्ण असेल, तर रोज सकाळी वजन करा आणि पाय बघा. माझ्या घरी ते मावशींना आधी दिसले.