बिळाची तोंडं

एखादा घोटाळेबाज गायब झाला की इंग्रजी पेपरात 'गॉन टू ग्राउंड' असं छापून येतं. आपण 'दडी मारली' म्हणतो ना, तसंच काहीसं. ऐकताना वाटतं, हा युद्धातला शब्द असावा. गोळीबार सुरू झाला की जमिनीवर आडवं व्हायचं, त्यावरून आलेला. पण तो आलाय शिकारीतून.

इंग्लंडात घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा सोडून फॉक्सची शिकार करायचे. (शाळेत आपण फॉक्स म्हणजे कोल्हा असं शिकलो, पण आपला कोल्हा म्हणजे खरा जॅकल. फॉक्सचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. असो.) पाठलाग चुकवून फॉक्स बिळात शिरला की तो 'जमिनीत गेला'. मग त्याला हुसकायला आत लहान कुत्री सोडायचे. त्या टेरियर कुत्र्यांचं नावसुद्धा 'जमीन' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच पडलंय.

पण मला खरा चटका लावला तो एका वेगळ्याच माणसाने. त्याला 'अर्थ-स्टॉपर' म्हणत. फॉक्स रात्री पोटापाण्यासाठी बाहेर पडतो. नेमका तेव्हा हा माणूस कंदील आणि फावडं घेऊन निघायचा आणि रानातल्या बिळांची तोंडं बुजवत जायचा. पहाटे फॉक्स परत येतो तर घर बंद! मग बिचारा झुडपात अंग चोरून बसायचा आणि सकाळी कुत्री तिथेच यायची. म्हणजे शिकारीचा निकाल कुत्री सुटायच्या आधीच, आदल्या रात्री लागलेला असायचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणारी ही शिकार फेब्रुवारी २००५ पासून कायद्याने बंद झाली. शब्द मात्र राहिला. आणि तो राहिला शिकाऱ्याच्या तोंडचा. लपणारा स्वतः असं कधी म्हणत नाही.

आपला 'भूमिगत' शब्द घ्या. अर्थ जवळपास तोच, पण ऐकताना मान ताठ होते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मोठे पुढारी पकडले गेले आणि बाकीचे भूमिगत झाले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. अच्युतराव पटवर्धनही नाहीत. साताऱ्याच्या जमिनीत काही एवढी बिळं नव्हती. घरं होती! आमची आजी त्याच भागातली. ती सांगायची, रात्री माणूस दारात आला की आधी भाकरी वाढायची, नाव विचारायचं नाही. नावच माहीत नसेल तर पोलिसांना सांगणार काय?

हे सगळं आज आठवायला एक कारण आहे. आमच्या ओळखीतली एक बाई गेल्या वर्षी नवऱ्याचा मार असह्य होऊन रात्री साडेअकराला घराबाहेर पडली. बरोबर सहा वर्षांची मुलगी. पहिल्या घरी "आत्ता शांत हो, सकाळी बघू" झालं. दुसऱ्या घरी "आमच्याकडे पाहुणे आहेत." तिसऱ्या घरून तर नवऱ्यालाच फोन गेला, "इकडे आलीये, घेऊन जा." यातलं कुणी दुष्ट नव्हतं. सगळी चारचौघांसारखी माणसं. हातात फावडंही नव्हतं कुणाच्या.

चौथं दार तिच्या शाळेतल्या बाईंचं. त्या सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दार उघडलं, मुलीला दूध दिलं, गादी घातली. काय झालं ते दोन दिवस विचारलंसुद्धा नाही.

मराठीत यालाही शब्द आहे, थारा. थारा मिळत नाही, कुणीतरी द्यावा लागतो. ती बाई आता दुसऱ्या गावात नोकरी करते, मुलगी शाळेत जाते. गाव कुठलं, ते मी इथे लिहिणार नाही. नातेवाइकांनीही फोन करून विचारू नये.