डाव्या हाताचं काम

मंडळी, पेटीवाल्याच्या उजव्या हाताकडे सगळे बघतात. पट्ट्यांवर बोटं पळताना दिसतात ना! डाव्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण भाता डाव्या हातात. सूर मोठा करायचा, बारीक करायचा, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबवायचा, सगळं भात्यावर. आपल्या जालन्याच्या अप्पा जळगावकरांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा माझ्याच वयाचे. १९९३च्या भूकंपात मंडळाची जुनी पेटी ढिगाऱ्याखाली गेली. नव्या किल्लारीत वर्गणी काढून दुसरी आणली, ती त्यांच्याच हाती राहिली. दोन वर्षांपूर्वी बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात शाबूत राहिला, डावा गेला. तरी भजनाला यायचे आणि दाराशी बसायचे. टाळ धरायलाही दोन हात लागतात हो.

दिवाळीत नातू पुण्याहून आला. तो लॅपटॉपवर संगीत करतो. म्हणाला, "आजोबा, यात भात्याची गरजच नाही." खऱ्या पेटीचे एकेक सूर ध्वनिमुद्रित करून भरलेला प्रोग्रॅम होता, जोडीला पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. आवाज हुबेहूब पेटीचा. बुवांनी दोन मिनिटं वाजवलं आणि हात काढून घेतला.

"गुरुजी, ह्याला दम न्हाई बगा. एकसारखं वरडतंय."

आवाज कमी-जास्त करायची खूण पडद्यावर होती, पण ती माऊसनं सरकवायची. म्हणजे उजवा हात पट्ट्यांवरून उचलायचा. मग वाजवायचं कशानं?

त्या रात्री नातवानं माझी शिकवणी घेतली. रॉबर्ट मूगनं १९६४मध्ये सिंथेसायझर लोकांपुढे आणला, तेव्हा एकेका कामाला एकेक फिरवायची खुंटी होती. १९७०च्या मिनीमूगमध्येही तसंच. १९८३ला यामाहाचा डीएक्स-७ आला, त्यात सपाट बटणं आणि दोन ओळींचा चिमुकला पडदा; एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बहुतेक वादकांनी तो नाद सोडला आणि तयार आवाजच वापरले. म्हणजे खुंट्या लॅपटॉपनं घालवल्या असं नाही, त्या यंत्रातूनच आधी गेल्या होत्या! नंतर अख्खा सिंथेसायझर कॉम्प्युटरमध्ये गेला आणि खुंट्यांची चित्रं उरली. माऊसनं एका वेळी एकच फिरते.

मजेची गोष्ट म्हणजे मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंड टीबी-३०३ या खोक्यावर राग वाजवून तबकडी काढली. ते खोकं खरं तर बास गिटारच्या जागी वापरायला केलेलं, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. म्हणजे मींड! पेटीला मींड जमत नाही म्हणून तर आकाशवाणीनं तिला १९४०पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. असो.

मला आठवली संगीत नाटकांतली पायपेटी. पायानं हवा भरायची, दोन्ही हात मोकळे. नातवाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला, "आजोबा, याला एक्सप्रेशन पेडल म्हणतात." दाबाल तसा शून्य ते १२७ असा आकडा लॅपटॉपला जातो आणि त्याप्रमाणे आवाज चढतो-उतरतो. मागवलं.

बुवांनी पहिल्या दिवशी पायपेटीसारखा पाय मारला आणि सूर पाळण्यासारखा झुलायला लागला. पाय नुसता टेकवून ठेवायचा, हे अंगवळणी पडायला आठवडा गेला. आणखी एक भानगड होती. पट्टी दाबल्यावर सूर किंचित मागून यायचा. मला कळलं नाही, बुवांना लगेच कळलं. नातवानं फोनवरून सांगितलं तशी सेटिंग बदलली, तेव्हा ते थांबलं.

सगळं जमलं असं मात्र नाही. भाता दाबला की नुसता आवाज वाढत नाही, सुराचा पोतही बदलतो. या प्रोग्रॅममध्ये आवाजच वाढतो. एकदा ऐन अभंगात लॅपटॉप स्वतःला अद्ययावत करायला बसला आणि विठ्ठलाला तिष्ठावं लागलं. खरी पेटी असं कधी करत नाही. पण खरी पेटी बुवांना एका हातानं वाजवू देत नाही, त्याला काय करणार?

आता अडचण उरली खुर्चीची. पेडल दाबायचं तर खुर्चीवर बसावं लागतं, आणि सगळे सतरंजीवर असताना देवापुढे आपण उंचावर बसायचं, हे बुवांच्या जिवावर आलं. शेवटी मृदंगवाल्यानं शाळेतलं जुनं बुटकं बाक शोधून आणलं. गेल्या एकादशीला बुवा त्यावर बसले. अभंगाची ओळ संपायची, गाणारा श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी बुवांचा पाय हलकेच वर यायचा.