आर्टिकल्ड कारकून

कारकुनांच्या अनेक पोटजाती आहेत. सरकारी कारकून, शाळेचा कारकून, वकिलाचा कारकून आणि ज्या कुळात अस्मादिक मोडतात तो बँकेचा कारकून. या सगळ्यांचे चेहरे निदान पगाराच्या दिवशी तरी बरे दिसतात. पण एक पोटजात अशी आहे की तिला महिन्याचे तीसही दिवस सारखेच. तिचं नाव आर्टिकल्ड क्लार्क. म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली राहून सॉलिसिटर होऊ पाहणारा शिकाऊ उमेदवार. उमेद आहे तोवर उमेदवार, इतका सोपा अर्थ.

आमचा भाचा सध्या या योनीत आहे. ताईचं बिऱ्हाड करंजाड्यात आमच्याच इमारतीत. सकाळी सातला तो शेअर रिक्षाने पनवेल स्टेशन गाठतो, तिथून हार्बरच्या लोकलने सीएसएमटी, आणि मग फोर्टातलं एक ऑफिस. दिवसभर काय केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मामा, आज पेजिनेशन केलं." म्हणजे चारशे पानांवर हाताने आकडे घातले! दुसऱ्या दिवशी हायकोर्टाच्या ऑफिसने काढलेलं ऑब्जेक्शन दूर केलं, म्हणजे 212 हा आकडा दोनदा पडला होता तो सुधारला.

"आणि पगार?" ताईने विचारलं.

"आई, त्याला पगार नाही, स्टायपेंड म्हणतात."

आकडा ऐकून ताई म्हणाली, "बरोबर आहे. याला पगार म्हणताच येणार नाही."

मी बँकेत लागलो तेव्हा पहिले सहा महिने प्रोबेशनवर होतो. पहिल्या आठवड्यात व्हाउचरं तारीखवार लावण्यापलीकडे माझ्या हातून देशाची काही सेवा घडली नाही. पण पगार पहिल्या दिवसापासूनचा मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, सॉलिसिटर आणि वकील यांत फरक काय? पूर्वी होता. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला अशिलाने जायचं सॉलिसिटरकडे, सॉलिसिटरने कागद बांधून जायचं कौन्सिलकडे, आणि कौन्सिलने उभं राहायचं जजसमोर. भांडण एक, बिलं दोन. 1976 च्या कायद्याने ही दुहेरी व्यवस्था संपवली आणि सनद सगळ्यांना एकच झाली. तरीही 1894 साली स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेतेच, आणि तीन वर्षं उमेदवारी करून पोरं ती देतातच. सक्ती गेली, प्रतिष्ठा राहिली.

उमेदवारी न करता कोर्टात उभं राहिलं की काय होतं, याचा दाखला खुद्द गांधीजींनी आत्मचरित्रात देऊन ठेवला आहे. लंडनला बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षांबरोबर बारा टर्म जेवावं लागे, टर्मला निदान सहा जेवणं. चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या टोळक्यात ओढायला चढाओढ असे. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईला आले. पुढे स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, आणि डोकं गरगरून खाली बसले. बहात्तर जेवणं पचली, एक उलटतपासणी पचली नाही!

1961 साली आपल्या संसदेने दोन कायदे केले. एक शिकाऊ उमेदवारांचा : कारखान्यात फिटरचं काम शिकणाऱ्या पोराला विद्यावेतन द्यायचंच. दुसरा वकिलांचा : त्यात ज्युनियरच्या विद्यावेतनाबद्दल अवाक्षर नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुढे 1995 साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वर्षभराचं सक्तीचं प्रशिक्षण आणलं. 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने, तुम्हाला तो अधिकारच नाही म्हणून ते रद्द केलं. 2011 पासून बार परीक्षा आली. 2024 च्या जुलैत सनदेची फी सुप्रीम कोर्टाने कायद्यातल्या 750 रुपयांवर आणून ठेवली; काही राज्यांत ती 40 हजारांवर गेली होती. आणि त्याच ऑक्टोबरात बार कौन्सिलचं परिपत्रक निघालं, की ज्युनियरला शहरात महिना किमान 20 हजार आणि खेड्यात 15 हजार द्यावेत. 'द्यावेत.' आम्ही कर्जदारांना 'हप्ते भरावेत' अशी नुसती शिफारस केली असती, तर बँकेला केव्हाच टाळं लागलं असतं.

आयर्लंडमध्ये शिकाऊ सॉलिसिटरला आधी आठ पेपर आणि मग दोन वर्षांचा करार असतो, पण किमान वेतन द्यावंच लागतं. हे भाच्याने सांगितल्यावर, शेजारच्या नव्या विमानतळावरून तिकडे विमान जातं का, अशी ताईने चौकशी केली.

पण उमेदवारी वाया जात नाही. करंजाड्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट बरेच. सिडकोने जमिनी घेतल्या, त्याच्या मोबदल्यात मिळालेले. अशाच प्लॉटवरचा फ्लॅट आमचे एक शेजारी घेणार होते. टोकन देण्याच्या आदल्या रात्री भाच्याने फाइल चाळली आणि म्हणाला, "काका, मूळ मालकाला मुली तीन. हक्कसोडपत्रावर सह्या दोघींच्याच आहेत." चारशे पानांवर आकडे घालणाऱ्यालाच कुठलं पान कमी आहे ते कळतं. शेजाऱ्यांची जन्माची पुंजी वाचली. त्यांनी फी म्हणून पाव किलो काजूकतली दिली. स्टायपेंडच्या मानाने रक्कम बरी होती.

भाच्याबरोबर लागलेला पनवेलचाच एक मुलगा मात्र सातव्या महिन्यात सोडून गेला. वडील रिक्षा चालवतात. मुलगा भाच्यापेक्षा काकणभर सरसच, पण लोकलचा तिमाही पास काढून देणारा मामा त्याला नव्हता. आता तो कर्जवसुलीच्या एका एजन्सीत बसून लोकांना फोन करतो. तिथे पगार वेळेवर होतो.

त्या परिपत्रकाच्याच महिन्यात, सुप्रीम कोर्टातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही, अशी बातमी आली होती. भाच्याने ती ताईला वाचून दाखवली.

"बरं झालं," ताई त्याचा डबा भरता भरता म्हणाली, "तिच्या फायली कोण उचलतंय, ते आता तिला दिसेल तरी!"