आईचा दुसरा गुडघा

२०१९ मध्ये आईचा गुडघा बदलला आणि सहा महिन्यांत पुन्हा उघडावा लागला. धातूवर जंतूंनी चिकट थर धरला होता. धातूत रक्त थोडंच खेळतं? शिरेतून दिलेलं ॲंटिबायोटिक त्या थराआड पुरं पडेना. सांधाच काढला. नवा बसेपर्यंत मध्ये औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा. ते दोन महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून या विषयावर दिसेल ते वाचतो. २०१६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी टायटॅनियमच्या तारेवर नॅनोतंतूंचं वेष्टण चढवलं. विजेच्या ताणाने पॉलिमरच्या द्रावाचे तंतू ओढायचे, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे! पॉलिमर विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचं. त्यात दोन औषधं, प्रत्येकाचा झिरपण्याचा वेग निराळा. तार उंदरांच्या हाडात बसवून मुद्दाम जंतू सोडले, तरी थर धरला नाही.

उंदरांवरचा प्रयोग आहे, कळतं मला. तरी आईला उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे लोणच्यावरचं तेल," ती म्हणाली.

मग मी हळूच दुसऱ्या गुडघ्याचा विषय काढला. तोही झिजलाय.

"चहा टाक रे," म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.