भाषा की बोली?

आफ्रिकेतील घाना देशाच्या वायव्य कोपऱ्यात ‘वा’ नावाचे शहर आहे. तेथील लोक ते ‘वाला’ आणि त्यांची भाषा ती ‘वाली’. गुर भाषाकुलातील ही एक लहानशी भाषा. तिच्यात सुराला फार मोल. अक्षरे तीच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो.

शेजारच्या दगाबा लोकांची ‘दगारे’ ही तिची सख्खी बहीण. दोघी इतक्या जवळच्या, की कित्येक भाषापंडित वालीला दगारेची बोलीच मानतात. पण दोन्ही बहिणींचे प्राक्तन सारखे नाही. वा हे इस्लामी विद्येचे जुने केंद्र; वाला बहुसंख्येने मुस्लिम. त्यांची नमाज अरबीत, शाळा-कचेरी इंग्रजीत. वाली उरली घरात आणि बाजारात. इकडे १९२९ साली जिरापा येथे व्हाईट फादर्स आले आणि दगारेत प्रार्थना, गीते घुमू लागली. १९६० साली पीटर पोरेकु डेरी हे दगाबा धर्मगुरू वा धर्मप्रांताचे बिशप झाले. २००६ साली ते कार्डिनल झाले. त्यांच्या लोकांच्या उपासनेत ढोल आणि लाकडी पट्ट्यांचे वाद्य मानाने वाजू लागले. वेदीपाशी पोहोचलेली भाषा आपोआप प्रतिष्ठित होते.

हे सारे वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या आईची भाषा वसईची सामवेदी. सेमिनरीत आम्ही शुद्ध मराठी शिकलो आणि नकळत सामवेदीला ‘नुसती बोली’ म्हणू लागलो.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध आजींना अंतिम अभ्यंग देण्यास गेलो होतो. साऱ्या प्रार्थना आम्ही शुद्ध मराठीत म्हटल्या. आजींनी हात जोडून ऐकून घेतले. मग सामवेदीत हळूच विचारले, “फादर, तुमचे झाले ना? मग आता माझ्याशी बोला.”

आम्ही खाली बसलो आणि आईच्या भाषेत बोलू लागलो. शब्द अडखळत होते. आजी ते पुरवीत होत्या.

पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकली. ती भाषा की बोली, हे पवित्र आत्म्याने कोणालाही विचारले नव्हते. वालीचे काय होईल, हे वा शहरातील आया ठरवतील. सामवेदीचे काय होईल, हे, प्रिय वाचकहो, आज संध्याकाळी रोझरीनंतर आपण आपल्या नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलतो, त्यावर ठरेल.