मोठें शीड आणि जोराचा वारा

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ अशी आपल्यांत एक जुनी म्हण आहे. ज्याला स्वतःचें असें मत नाहीं, लोक जिकडे झुकतील तिकडे जो झुकतो, अशा माणसास उद्देशून ती वापरण्यांत येते. परंतु वाऱ्याला पाठ देण्याचा आणखीहि एक प्रकार आहे. त्यांत माणूस वाऱ्याबरोबर वाहत जात नाहीं. तो वाऱ्यावर रेलतो आणि त्याच्याच बळानें आपल्याला हवें तिकडे जातो. विंडसर्फिंग नांवाच्या जलक्रीडेंत हें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. गेल्या तीन उन्हाळ्यांच्या सुटींत कांहीं दिवस गोव्यांत दोनापावला येथें काढण्याचा योग आम्हांला आला. मांडवी व जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमध्यें असलेलें हें भूशिर वाऱ्याचें माहेरघरच म्हणावयाचें. सकाळीं जमिनीवरून मंद मतलई वारा असतो, आणि दुपार कलली कीं समुद्रावरून खारा वारा असा कांहीं सुटतो कीं डोक्यावर टोपी राहत नाहीं. तेथें पाहिलेल्या व अनुभविलेल्या गोष्टींपैकीं एकच गोष्ट, म्हणजे जोराच्या वाऱ्यांत मोठें शीड कसें सांभाळावें, ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी असें मनांत आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याच्या साधनांची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. पाण्यावर तरंगणारी एक लांबट फळी असते. तिच्या खालच्या अंगास मागें माशाच्या पराप्रमाणें एक पातें असतें. त्यामुळें ती बाजूस घसरत नाहीं. फळीच्या मध्याजवळ शिडाची डोलकाठी बसविलेली असते. पण ती गलबताच्या डोलकाठीप्रमाणें घट्ट रोंवलेली नसून, सर्व दिशांना वांकणाऱ्या एका सांध्यावर उभी असते. शिडाच्या दोन्ही बाजूंनीं कवेंत घेतल्यासारखा एक कमानदार दांडा असतो, त्यास बूम म्हणतात. हा बूम धरून माणूस उभा राहतो. सुकाणूं मुळींच नसतें. शीड पुढें कलविलें कीं फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागें कलविलें कीं वाऱ्याकडे वळते. उभा राहणारा माणूस नेहमीं वाऱ्याच्या बाजूस असतो. त्याचें तोंड शिडाकडे व पाठ वाऱ्याकडे असते.

ही युक्ति प्रथम कोणास सुचली, याबद्दल पुष्कळ वाद झाला. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील न्यूमन डार्बी यांनीं १९६४ च्या सुमारास शिडाची फळी तयार केली होती. कॅलिफोर्नियांतील जिम ड्रेक व हॉइल श्वाइत्झर यांनीं १९६८ सालीं हक्कासाठीं अर्ज केला व १९७० सालीं त्यांस तो मिळाला. पुढें इंग्लंडांत खटला उभा राहिला तेव्हां असें पुढें आलें कीं, हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें १९५८ सालींच अशी फळी करून लोकांच्या देखत समुद्रांत चालविली होती. तेथील अपील न्यायालयानें ही गोष्ट ग्राह्य धरली. मोठ्या माणसांच्या भांडणांत एका शाळकरी मुलाच्या उद्योगाची साक्ष निर्णायक ठरावी, हें आमच्या वाचकांस खचित आवडेल.

आतां कोणी विचारील कीं, वारा जोराचा असेल तर लहान शीड घ्यावें. मोठें घेण्याचा हट्ट कां? प्रश्न रास्त आहे, आणि केवळ मौजेसाठीं जाणाऱ्यानें खरोखर लहानच शीड घ्यावें. परंतु दोन अडचणी आहेत. गलबतावर वारा वाढला तर शीड उतरवितां येतें. या फळीवरील शीड पाण्यांत गेल्यावर लहान करतां येत नाहीं. निघतांना वारा मंद होता म्हणून मोठें शीड घेतलें आणि अर्ध्या तासानें वारा वाढला, तर तेंच शीड घेऊन परतावें लागतें. दुसरी अडचण शर्यतीची. २००८ पासून टोकियोच्या स्पर्धेपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, ऑलिंपिकमध्यें जो आर. एस. एक्स. नांवाचा प्रकार होता त्यांत पुरुषांस साडेनऊ व स्त्रियांस साडेआठ चौरस मीटरचें शीड ठरलेलें असे. वारा मंद असो कीं सोसाट्याचा असो, शीड तेंच. २०२४ सालीं पॅरिसच्या स्पर्धेंत पाण्यावर उचलून चालणारी नवी फळी आली; तरी पुरुषांस नऊ व स्त्रियांस आठ चौरस मीटर असें एकच शीड ठरलेलें होतें. म्हणजे वारा आपल्या मापाचा मिळत नाहीं आणि शीडहि बदलतां येत नाहीं. बदलावयाचें तें आपणच.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं सुमारें साडेअठरा किलोमीटर, म्हणजे दहा नॉट, वेगाचा वारा साडेआठ चौरस मीटरच्या शिडावर ठोकळ हिशेबानें चौदा किलोग्रॅम वजनाइतका जोर करतो. तोच वारा वीस नॉट झाला कीं जोर पंचावन्न किलोग्रॅमवर जातो. पुष्कळशा शाळकरी मुलांचें सगळें वजन इतकें नसतें. मग हें ओझें दंडाच्या बळावर कोण पेलणार?

एका दुपारीं या प्रश्नाचें उत्तर आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. वारा वाढला होता आणि समुद्रावर जिकडे तिकडे पांढऱ्या लाटा दिसत होत्या. चौदा-पंधरा वर्षांची, अंगानें किरकोळ अशी एक मुलगी साडेआठ चौरस मीटरचें शीड जोडीत होती. तिची आई शेजारीं उभी होती. न राहवून ती शिकविणाऱ्या गृहस्थांस म्हणाली, “मास्तर, एवढें थोरलें शीड या पोरीच्यानें आवरेल का हो?”

मास्तर हंसले. “बाई, हातांनीं आवरावयाचें असतें तर माझ्याच्यानेंहि आवरलें नसतें. ती किनाऱ्यावर काय करते तें आधीं पाहा.”

त्याच वेळीं व्यायामशाळेंत कमावलेल्या शरीराचा एक तरुणहि तसलेंच शीड घेऊन पाण्यांत उतरला. पाव तासांत तो धापा टाकीत परत आला. त्याच्या दंडांना गोळे आले होते. मुलगी मात्र तासभर इकडून तिकडे फेऱ्या घालीत होती. आई वाळूंत उभीच होती. तिनें त्या तासभरांत डोळ्याला डोळा लावला नाहीं कीं कोणाशीं शब्द बोलली नाहीं. पोरीची फळी वाळूला लागली तेव्हांच ती खालीं बसली.

या दोघांत अंतर कशाचें होतें? पहिलें अंतर किनाऱ्यावरच पडलें होतें. डोलकाठीच्या पायाशीं कप्प्यांतून ओंवलेला एक दोर असतो. तो ओढला कीं शीड खालीं ताणलें जातें व डोलकाठी वांकते. वारा मंद असतांना हा दोर बेताचा ओढतात. जोराच्या वाऱ्यांत मात्र तो इतका ओढावा लागतो कीं शिडाची वरची मागील कड सैल पडून लोंबू लागते. नवख्यास वाटतें कीं शीड बिघडलें. वस्तुतः यांतच सारें मर्म आहे. झोत आला कीं वरचा सैल भाग आपोआप वळतो आणि जास्तीचा वारा वाट काढून निघून जातो; खालचा भाग मात्र आपलें काम करीत राहतो. दोर कमी ओढला तर प्रत्येक झोताबरोबर शिडाचें पोट मागें सरकतें, सगळी ओढ मागच्या हातावर येते आणि माणूस उलथून पडतो. बुमाच्या टोंकाचा दोरहि थोडा अधिक ताणून शीड चपटें करावें लागतें. त्या मुलीनें दोर ओढतांना पाय फळीच्या कडेस टेकले होते, सगळें अंग मागें टाकलें होतें, आणि मास्तरांनीं ‘अजून दोन बोटें’ म्हटल्यावर कुरकुर न करितां आणखी ओढला होता. तरुणानें शीड किनाऱ्यावर दिसावयास सुरेख दिसतांच दोर बांधून टाकला होता.

दुसरें अंतर पाण्यावर दिसलें. या खेळांत कमरेस एक रुंद पट्टा बांधतात. त्याच्या पुढील आंकड्यांत बुमाला बांधलेला दोराचा फेरा अडकविला कीं शिडाची ओढ दंडांवर न येतां कमरेवर येते. हात सरळ व सैल ठेवून, खुर्चीवर बसल्याप्रमाणें गुडघे किंचित् वांकवून, शरीराचें वजन मागें टांगावयाचें असतें. वाऱ्याला पाठ देणें तें हेंच. झोत आला म्हणजे मनाची पहिली धांव शीड सोडून देण्याकडे असते. पण शीड एकदम सोडलें तर तें फडफडूं लागतें, फळी थबकते, आणि थबकलेल्या फळीवर पुढचा झोत सगळाच्या सगळा माणसाच्या अंगावर कोसळतो. उलट, त्या क्षणीं खालीं बसून, पुढच्या पायानें फळी रेटून तिला वेग दिला तर झोताचें बळ वेगांत खर्ची पडतें आणि ओझें हलकें वाटूं लागतें. फारच जोर झाला तर मागचा हात थोडासा ढिला करावा. समोरचा सोडूं नये. दृष्टि शिडाकडे न ठेवितां पुढील पाण्याकडे ठेवावी, म्हणजे काळवंडत येणारा झोत अगोदर दिसतो.

पडणें तर सर्वांनाच आहे. मोठें शीड पाण्यांत पडलें म्हणजे त्यावर पाणी सांचतें. तें पाठीच्या हिसक्यानें उचलूं गेल्यास कंबर धरते. हात सरळ ठेवून, नुसतें मागें रेलून, पाणी हळूहळू गळूं द्यावें. वारा पुरेसा असेल तर आणखी एक सुंदर रीत आहे. पाण्यांतच उताणें तरंगत शिडाची कड किंचित् उचलावयाची, पाय फळीवर ठेवावयाचे, आणि वाऱ्यानेंच शिडासकट आपल्याला वर उचलून उभें करावयाचें. ज्या वाऱ्यानें पाडलें तोच हात देऊन उठवितो. मंद वाऱ्यांत ही सोय नाहीं.

कोणी म्हणतील कीं हें सगळें दांडग्या देशांतील लोकांचें काम. त्यांनीं ली लाइ-शान या हाँगकाँगच्या युवतीची हकीकत वाचावी. चिउंग चाऊ नांवाच्या कोळ्यांच्या लहानशा बेटावर ती वाढली व आपल्या मामाच्या देखरेखीखालीं ही विद्या शिकली. त्या काळीं स्त्री-पुरुष दोघांसहि ७.४ चौरस मीटरचें एकच शीड असे. १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें तिनें सुवर्णपदक मिळविलें. हाँगकाँगला ऑलिंपिकमध्यें मिळालेलें तें पहिलेंच सुवर्णपदक होय. आपल्या भारताच्या ईबाद अली यांनीं २०२३ सालीं चीनमध्यें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत आर. एस. एक्स. प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पण शौर्याबरोबर विवेक पाहिजे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या समुद्रप्रवासाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलीच असेल. पुढें जाण्यांत धोका आहे असें पौलानें अगोदरच सांगितलें होतें. शताधिपतीनें मात्र तांडेलाचें व तारवाच्या धन्याचें ऐकलें. तारूं फुटलें, पण ईश्वरकृपेनें २७६ माणसें वांचलीं. दोनापावल्याचे मास्तरहि एखाद्या दिवशीं आकाश व पाणी पाहून ‘आज नाहीं’ म्हणत, आणि त्यांच्या शब्दापुढें कोणी चकार शब्द काढीत नसे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्यावर सौम्य भासतो व दूर गेल्यावर बळावतो. त्यांत एकट्यानें कधींहि जाऊं नये. दमल्यास शीड पाण्यांत टाकून फळीवर बसावें. पाण्यांत पडलेलें शीड नांगरासारखें फळीला रोखून धरतें. दोन्ही हात बाजूंस पसरून सावकाश वरखालीं करावे. मदत पाहिजे अशी ती खूण सर्व देशांत समजते. आणि कांहीं झालें तरी फळी सोडून पोहत निघूं नये. फळी बुडत नाहीं, माणूस बुडतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं सर्वांनाच समुद्रावर जाण्याचा योग येईल असें नाहीं. परंतु शाळा सोडल्यावर प्रत्येकाच्या वांट्यास असें एखादें काम येतेंच कीं, तें आपल्या वजनाहून भारी असतें आणि तें बदलून मिळत नाहीं. कोणाच्या वडिलांचें छत्र लवकर जातें, कोणावर धाकट्या भावंडांचा भार येतो. त्या वेळीं दंडाचा जोर फार काळ पुरत नाहीं. वारा शांत असतांना, किनाऱ्यावर उभे असतांना, ‘अजून दोन बोटें’ म्हणणाऱ्या गुरुजनांच्या सांगण्यावरून जो दोर तुम्हीं ओढून ठेवला असेल तोच उपयोगीं पडतो.

आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांच्या हातीं मोठें शीड पाहून त्यांनीं तें काढून घेण्याची घाई करूं नये. दोर नीट ओढला आहे कीं नाहीं, आज वारा कोणत्या बाजूचा आहे, आणि शिकविणारा माणूस जाणता आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. आणि मग त्या माउलीप्रमाणें, जिवाची कालवाकालव सोशीत, वाळूंत उभें राहावें.